आपल्या लाडक्यासाठी बोलायचं नाही

नाही पण, मघाशी आमचे माशांचा अभ्यास करणारे मासेवाले सर म्हणाले ना, की मॅडम कधी कुणावर चिडल्याच नाहीत, ते काही खरं नाही हं. माझ्यावर चिडल्यात. जिन्यात उभं करून चिडल्यात. आणि मला नेमका तोच किस्सा... अरे देवा. थांबा. आईनं आठवडाभर घोकून घेतलं आणि मी तेच विसरले.

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या संस्थेचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आमच्या मॅडम, त्यांच्या घरची मंडळी, आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सगळे सहकारी, तुम्हा सर्वांना नमस्कार.

झालं. आता बोलू?

बाहेरच्यांना वाटतं आम्ही प्राणी वाचवतो. खरं सांगू का, आमचं अर्धं काम म्हणजे यंदा कुणाला वाचवायला जायचं नाही ते ठरवणं. टीम एक, गाडी एक आणि दारात ही रांग. कुठे वटवाघळं, कुठे कासवं, सगळेच संकटात. कुणाला म्हणणार, तू जरा पुढच्या वर्षी ये?

तर मी नवीन होते. माझा जीव बेडकांत. जुन्या दगडखाणीतल्या डबक्यांत राहणारा एक चपटा, मातकट बेडूक आहे. दिसायला, असू दे, स्वभावानं चांगला आहे. पहिल्याच मीटिंगमध्ये मी त्याच्यासाठी ताडकन उभी राहिले, आणि मॅडम म्हणाल्या, खाली बस. मग जिन्यात गाठून झापलं. इथला नियम असा, की ज्याचा जीव ज्या प्राण्यात, त्यानं त्याची वकिली करायची नाही. ती दुसऱ्यानं करायची. मी म्हटलं, मॅडम, मी काय खोटं बोलणार आहे? त्या म्हणाल्या, "प्रेमातलं माणूस खोटं बोलत नाही गं. अर्धंच सांगतं."

आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच हो. पण त्यावर यांनी अख्खं ऑफिस चालवलं.

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी रांगेतून शेवटी दोघंच उरले. माझे बेडूक आणि खाडीतली पाणमांजरं. आणि पाणमांजरं कुणाची? मॅडमची! नोकरीला लागल्यापासून त्या खाडीवर जातायत. म्हणजे नियमानं बेडकांसाठी बोलणार मॅडम आणि पाणमांजरांसाठी मी.

मला पाणमांजरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. मग माहिती कुणाला विचारणार? गेले मॅडमकडेच. आणि त्यांनी दिली की! स्वतःविरुद्ध लढायला दारूगोळा पुरवला. चिखलाच्या घसरगुंडीवरून पिल्लं कशी सुटतात, माशासाठी भावंडं कशी भांडतात, आणि एक म्हातारी मादी, कान फाटलेली, कानफाटी तिचं नाव. ती मॅडमना बघून पळत नाही, नुसती तोंड फिरवते. हे सांगताना मॅडमचा चेहरा, काय सांगू, लेकीचं लग्न ठरल्यासारखा.

मीटिंगमध्ये मी जीव तोडून बोलले. मासेवाल्या सरांनी डोळे पुसले. सर, पुसले होते, नाही म्हणू नका.

मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, "पाणमांजरं वरच्या नदीतही आहेत. खाडीतली गेली तर कधीतरी वरून दुसरी येतील. या बेडकाला वरची नदी नाही. खाणीतला गेला की संपला." आणि बसल्या.

कुणीतरी हळूच विचारलं, "आणि कानफाटी?"

"कानफाटी या प्रश्नात येत नाही," मॅडम म्हणाल्या.

बेडूक जिंकले. म्हणजे मी वकील म्हणून आपटले आणि माझे लाडके वाचले, आता हसू का रडू? मी आपली तोंड पाडून मॅडमसमोर गेले. सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्या पुन्हा चिडल्या. म्हणाल्या, बेडूक वाचलेत ना? मग नाच आधी. आणि मी खरंच कॉरिडॉरमध्ये नाचले. आमचे क्लार्ककाका झुरळ निघालं समजून झाडू घेऊन धावले.

यंदा खाणीत इतकी अंडी आहेत, आणि बेडूक असे ओरडतात, की वॉचमननं बदली मागितलीय. त्याबद्दल टाळ्या व्हायला हरकत नाही.

खाडीवर मात्र यंदा कानफाटी दिसलेली नाही. दिसली नाही म्हणजे नाहीच, असं धरायचं नसतं. हेही मॅडमनीच शिकवलंय.

अध्यक्ष महोदय घड्याळ बघतायत, मी आवरतेच. मला बोलू दिलंत, आभार. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, तेव्हा कुठे जीभ घसरली असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला.

फक्त एक राहिलं. आज सकाळी इथे फुगे फुगवत होतो तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, उद्यापासून मी इथली कुणी नाही ना? मी म्हटलं, असं काय बोलता. त्या म्हणाल्या, नाही, विचारून ठेवते. पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये बाहेरच्या माणसाला बोलता येतं का? मी म्हटलं, येतं की, कुणासाठी बोलायचंय? तर हातातल्या फुग्याला गाठ मारत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाणमांजरांसाठी. एकदाच."

नियम त्यांचा. मोडणार त्याच. आणि त्या मीटिंगमध्ये पाणमांजरांच्या समोर पुन्हा माझेच बेडूक आहेत, खाणीचं कुंपण अजून अर्धंच झालंय. मॅडम मनापासून बोलल्या तर माझ्या बेडकांचं काही खरं नाही, हे मला इथे उभ्या उभ्या दिसतंय. तरी विचारते. साहेब, तुम्ही शेवटी सांगा, आधी सभागृहाला बोलू दे.

काय म्हणता, बोलू द्यायचं का त्यांना?