त्रेचाळीस सेकंद

घड्याळजींसमोर ठेवलेल्या त्या मनगटी घड्याळात मुलाला नवं घर दिसत होतं आणि आईच्या वाट्याला त्यातली समुद्राकडची खिडकी येणार होती. आपलं गजराचं घड्याळ घेऊन बाकावर बसलेल्या शिक्षिकेला हा सगळा हिशेब फुकटात ऐकायला मिळाला. दुकानभर घड्याळं आपापल्या वेळा पुटपुटत होती.

“जगात शंभरच आहेत, आई! आपलं एकविसावं. बाबांनी एकदाही मनगटावर चढवलं नाही.”

“हं.”

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं.

“न वापरलेलं म्हणता? सेकंद मोजायच्या बटणाचा मुलामा दाबून दाबून उडालाय. संग्राहक निम्मेही देणार नाहीत.”

“शक्यच नाही! कपाटाची किल्ली तर फक्त... आई?”

“शेवटच्या वर्षी रे. दुपारी झोपेत त्यांचा श्वास थांबायचा. मी बटण दाबायचे. श्वास आला की पुन्हा दाबायचे.”

“भिंतीवर घड्याळ होतं की!”

“ते मेलं कुणासाठी थांबत नाही. हे माझं ऐकायचं.”

“घर गेलं, आई. तुझी खिडकीही गेली.”

“एकदा त्रेचाळीस सेकंद झाले होते, बाळा. आणि मग डोळे उघडून म्हणाले, चहा टाक. स्वस्तात पडलं रे.”