‘बरं आहे’ म्हणायची खोड

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले कालव्याचे मोठे साहेब. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसून घड्याळ बघणारे डॉक्टरसाहेब. गेटावरची सगळी मंडळी, त्यांच्या घरच्या लेकीसुना आणि फराळाच्या वासाने आलेले पाहुणे, सगळ्यांना नमस्कार. एवढं नातीने कागदावर लिहून दिलं होतं. वासाचं तेवढं माझं. मी दुसरीतच शाळा सोडली, म्हणून पुढचं तोंडानेच बोलते.

आज माझ्या थोरल्याला निरोप. तुमचा तो ‘दादा’. मुदतीच्या सहा वर्षं आधी हातांच्या सांध्यांनी त्याला घरी बसवला. सकाळपासून जो तो माइकवर येऊन त्याच्या सेवेचं कौतुक करतोय. करा. पण याचा निवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला होता, तो कुणामुळे? त्याच्यामुळेच. आणि तुमच्यामुळे. रागावू नका, ऐका.

चार वर्षांपूर्वी याची बोटं सुजायला लागली. पुढे पुढे सदऱ्याची बटणं सून लावून द्यायची. पण दवाखान्यात जायचं म्हटलं की स्वारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. डॉक्टर विचारणार, “काय, कसं आहे?” हा म्हणणार, “बरं आहे, तुमची कृपा.” डॉक्टर लिहिणार, त्रास कमी. मग अर्जाला दाखला मागितल्यावर त्यांनी तरी काय लिहावं? फाइलीत होतं तेच लिहिलं, की गेटावरचं काम करू शकतात. अर्ज तिसऱ्यांदा परत आला असता तर राजीनामा देऊन, पेन्शनशिवाय रिकाम्या हाताने घरी यावं लागलं असतं. आणि ते हात तर असे.

म्हणून मीच गेले. डॉक्टर म्हणाले, “आजी, मी खोटं लिहून देणार नाही.”

“खोटं कोण मागतंय? आजवर लिहिलंत तेच खोटं आहे. सांगणाराच लबाड, तुम्ही काय करणार?”

“पण काम तसं जड नाही ना? कालव्याचं गेट उघडायचं, बंद करायचं.”

“बटण दाबून होतं, असं वाटलं की काय तुम्हाला?”

खरंच तसं वाटलं होतं त्यांना. पण माणूस सरळ. त्याच संध्याकाळी घरी जाताना त्यांनी गाडी गेटापाशी थांबवली. लोखंडी चाक, गेट पूर्ण खाली यायला नव्वद फेरे. डॉक्टरांनी अकरा मारले आणि चष्मा पुसायला थांबले. तो चष्मा बराच वेळ पुसला. मग याला म्हणाले, “आता तुम्ही दाखवा.”

याने चाकाला हात लावला मात्र, बाजूला उभे असलेले दोघे जोडीदार कुणी न सांगता पुढे झाले. एकाने इकडून धरलं, एकाने तिकडून. अंगवळणीच पडलं होतं ते.

डॉक्टर म्हणाले, “रोज असंच चालतं?”

नोंदवहीत तर रोज सही याची. शेवटी उंच जोडीदार बोलला, तो बघा, आता मान खाली घालून बसलाय. म्हणाला, “तीन वर्षं झाली, डॉक्टर. दादांना विचारू नका, ते बरं आहे म्हणतील.”

तुम्ही माया केलीत, मी नाही म्हणत नाही. पण कागदावर काय उरलं? धडधाकट माणूस! आणि तुम्ही दोघं रजेवर असताना पाणी चढलं असतं, तर खालच्या वस्तीला तुमची माया पुरली असती का?

तरीही डॉक्टरांनी यालाच विचारलं. पायरीवर शेजारी बसून विचारलं, “कसं आहे?” याने माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, “जमत नाही.” इतक्या हळू, की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं. मूठ कितपत मिटते, एकट्याने किती फेरे होतात, ते सगळं त्यांनी तिथेच लिहून घेतलं. फेरे दोन झाले.

साहेबांचंही पत्र लागलं, की काम दुसरेच करत होते. साहेब म्हणाले, “आजी, हे माझ्या अंगाशी येईल.” मी म्हटलं, “येऊ द्या. अंग धडधाकट आहे तुमचं.” त्यांनी लिहिलं. पुढे त्यांना वरून काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. चहा मात्र पाजला.

आता, ही खोड याला लावली कुणी? हा लहानपणी पडला, गुडघा फुटला, की मी म्हणायची, “काही झालं नाही, ऊठ.” रडू दिलं नाही कधी. वाटायचं, पोर घट्ट होईल. झालं की! इतकं घट्ट, की ते दोन शब्द बाहेर यायला तीन वर्षं लागली. तेव्हा तुम्हाला बोलले त्यातला मोठा वाटा माझा, तो मी घरी घेऊन जाते.

डॉक्टरसाहेब, साहेब, दोघे जोडीदार, तुमचे उपकार आहेत. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर म्हातारी म्हणून पोटात घाला. फारच दुखत असेल तर डॉक्टर इथेच बसलेत, त्यांना दाखवा. फक्त त्यांनी विचारलं, तर बरं आहे म्हणू नका.