दोनशे चौदा लेखांतला मेंढपाळ

नाही ताई, फुकटचं की पैशाचं हा सवालच नाही — भरतो ना मी, काय असतील ते. रंग कुठला, अक्षर केवढं, जाहिराती लावायच्या का — तेही तुमच्या मर्जीनं करा. तुम्ही समजावलं छान, कागदावर मधी रेघ मारून एका अंगाला ब्लॉगस्पॉट, एका अंगाला वर्डप्रेस — आमच्या ऑफिसात एवढं नीट कुणी सांगत नाही. पण माझी गरज एकच आहे आन् ती तुमच्या कागदावर नाही. मला असा ब्लॉग पाहिजे, ज्यात एक शब्द सगळ्या लेखांत एकदम बदलता येतो. दोनशे चौदा लेख आहेत. आत्ता जिथं आहेत तिथं एकेक उघडून बदलावं लागतं मला. — येतं? त्या दुसऱ्यात येतं? एका बटणात? मग ठरलं की! तेच करा. एवढी साधी गोष्ट होती, आन् मी महिनाभर उगाच जीव खालीवर करतोय.

कुठला शब्द — ते मी नंतर टाकीन घरी. तुम्ही फक्त बटण दाखवा. — बाहेर? बाहेर कोण? ते होय, पायरीवर बसलेले, घोंगडीवाले — ते गावाकडचे आहेत. आलेत माझ्यासोबत, डोळ्याच्या डॉक्टरकडं दाखवायचं होतं. आत नका बोलवू, त्यांना ह्या पंख्याचं वारं सोसत नाही. बसू द्या.

हां, ब्लॉगचं नाव 'माळरान'. तुम्ही वाचलाय? — खरंच वाचलाय? अरे वा. व्हय, तो सत्यम मीच. खरं नाव बिभीषण. कॉलेजात हजेरीला 'बिभीषण' म्हणलं की मागचे बाक हसायचे, म्हणून लिहिताना सत्यम. नुसतं सत्यम — ना मधी बापाचं नाव, ना शेवटी आडनाव. बारा सालच्या दुष्काळात सुरू केला. गावाकडं टँकर, इकडं शहरात रोज एक नवी कमान — अमुक नगरी, तमुक पार्क — फुलंब्रीच्या रस्त्यानं जा, जिथं मेंढरं चरायची तिथं चुन्याच्या रेघा आन् प्लॉटचे दगड. ते बघवत नव्हतं म्हणून लिहिलं. लोकांना लई आवडलं. पाण्याशिवाय मेंढरं कशी जगवायची, बाभळीच्या शेंगा कधी पाडायच्या, कुठल्या ओढ्यात कुठं वाळू उकरली की ओल लागती — असलं कुणी लिहीत नाही ना. पुण्या-मुंबईचे लोक विचारायचे, हे तुम्हाला कसं ठाऊक? मी लिहायचो — मला एक मेंढपाळ भेटला, त्यानं सांगितलं.

आता एका लेखावर करून दाखवायचं म्हणता? त्यासाठी शब्द पाहिजेच का? — बरं. घाला. वरच्या खान्यात 'एक मेंढपाळ'. आन् खालच्या खान्यात... खालच्या खान्यात 'माझे वडील'.

असं नका बघू ताई. व्हय. तेच. पायरीवर बसलेत तेच. गावाकडचे आहेत म्हणलं ते काय खोटं नाही, पण — खोटंच आहे. आत्ता तुमच्यापुढं तोंडातनं निघून गेलं, मला कळायच्या आत. चार वर्षांची सवय आहे.

सुरुवात वाईट नव्हती हो. पहिल्या लेखात आबांचं नाव घालायला संकोच वाटला — म्हणलं, वाचणारे शिकलेले, मेंढरांमागं फिरणाऱ्याचं पोरगं म्हणलं की ते लेख बाजूला ठेवून माझ्याकडंच बघतील, अरेरे करतील. एकदा तसं लिहिलं आन् मग सगळ्यांत तसंच लिहावं लागलं. एवढंच असतं तर मी तुमच्याकडं आलोच नसतो. पण तेरा सालच्या उन्हाळ्यात चौघंजणं आली पुण्याहून, गाडी करून. म्हणाली, तो मेंढपाळ आम्हाला बघायचाय. मी नाही म्हणू शकलो असतो ना? म्हणू शकलो असतो. पण म्हणलो नाही. आदल्या दिवशी जाऊन आबांना सांगितलं — उद्या पाव्हणे येत्यात, तेवढं जरा... मी कोण ते सांगू नका. का म्हणून विचारलंसुदिक नाही त्यांनी. चिलीम झाडली आन् म्हणले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी गाडीतनं उतरलो, पांढरा शर्ट, गॉगल. आबा उभे राहिले. उठून उभे राहिले ताई, माझ्यासाठी. "रामराम साहेब," म्हणले. जन्मल्यापासून मला 'बिभ्या' म्हणणारा माणूस. तेवढ्यात आमचं कुत्रं आलं पळत — खंड्या, मीच वाढवलेला, बाटलीनं दूध पाजून — त्याला काय ब्लॉग माहीत? अंगावर चढलं, शर्टाला पाय, तोंड चाटतंय, लोळतंय. ती चौघं बघायला लागली. आन् आबाच पुढं झाले, खंड्याला मागं ओढलं आन् म्हणले, "साहेब येत्यात ना अधनंमधनं, लळा लागलाय मुक्या जनावराला." त्यातली एक बाई डोळे पुसून म्हणली, जनावरांना चांगला माणूस लगेच कळतो. मी मान हलवली. हलवली बघा मान!

मायनं त्या दिवशी भाकरी केल्या सगळ्यांना. सखूबाई तिचं नाव. मला वाढताना पदर डोक्यावर घेतला तिनं, परक्यापुढं घेत्यात तसा. पण मी तोही लेख लिहिला — 'माळावरचं जेवण'. सगळ्यात जास्त वाचलेला लेख तोच.

मी मागनं माफी मागितली का, असंच विचारताय ना? नाही मागितली. म्हणलं, आबा विसरतील. पण त्या दिवसापासनं त्यांनी मला बिभ्या म्हणणं सोडलं. पयलं वाटलं थट्टा करत्यात. "साहेब, च्या घेता का?" "साहेब, बस कितीची?" मी हसायचो. तेही हसायचे. मग हसायचं राहिलं आन् साहेब तेवढं राहिलं. दोन दुष्काळ खाल्ले, मेंढरं इकली, खंड्या मेला — साहेबच.

आन् आता — बघा, बोलता बोलता गावची बोली आली तोंडात, ऑफिसात येऊ देत नाही मी — आता माझी पोरगी, मंजुषा, तिसरीत आहे, तिला वाचायचा नाद लागलाय. बायकोच्या फोनवर तिला बापाचा ब्लॉग सापडला. आबांची नजर गेलेली, ते मोतीबिंदूसाठी आमच्याकडं आठ दिवस. ती त्यांच्या मांडीला टेकून वाचून दाखवती. मी दाराआड उभा. ती म्हणली, "आबा, हा मेंढपाळ डिट्टो तुमच्यासारखा बोलतो!" आबा म्हणले, "असत्यात बाई, एकासारखी एक माणसं." माझ्या पोरीपुढंबी झाकून घेतलं मला. परवा तिच्या शाळेला सुट्ट्या लागत्यात, महिनाभर ती त्यांच्याकडं राहणार, फोन घेऊन. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा वाचणार ती. तिला एखाद दिवशी कळंल ना? कळणारच. त्याच्या आधी मला ते बदलायचंय. म्हणून म्हणलं एका बटणात.

झालं? एक लेख झाला? 'भेटला'चं 'भेटले' असलं तेवढं तुम्ही हातानं जुळवलंत? बघू, वाचा. नका, मीच वाचतो. — 'दुपारी ओढ्याच्या काठी मला माझे वडील भेटले. मी माझ्या वडिलांना त्यांचं नाव विचारलं. माझे वडील नुसतेच हसले. मी त्यांना वीस रुपये देऊ केले...'

थांबा. खाली नका सरकवू.

मी... हे असं होणार हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, तेवढा शब्द काढला की निघून जाईल. हे तर — सगळ्यात असंच आहे ताई. मी कुठं त्यांच्याशेजारी बसलेलोच नाही. सगळीकडं उभा राहून बोलतोय. काढा ते, आधीचं होतं तसं करा. नाही, तसंबी नको. आधीचं तरी काय —

आबा! आत कशाला आलात? झालंच, येतो मी. — बसा, बसा इथं. ताई, थोडं पाणी देता का त्यांना? आबा, ह्या मॅडम, ह्या... मॅडम, हे —

ऐकलं का? ऐकलं ना तुम्ही? मी अजून तोंड पुरतं उघडलं नव्हतं. "मी साहेबांच्या गावचा, बिरू म्हणत्यात," म्हणले. हात जोडून. तुमचं पाणीबी उभ्यानं प्यायले आन् गेले पायरीवर, साहेबांच्या कामात खोटी नको म्हणून.

माझे वडील आहेत ते ताई. आता म्हणलो बघा. आता म्हणलो, आन् ते दाराच्या बाहेर.

राहू द्या ते बटण. नको, खरंच नको. वर्डप्रेस काय, दुसरं काय, जिथं आहेत तिथंच राहू द्या लेख — एकेक उघडीन, बसून लिहीन नव्यानं. आधी 'माळावरचं जेवण'. तुमचे किती झाले, सांगा फोनवर. बंद करा तो पडदा. — ते उतरले का पायरी? उतरले. आबा! ओ आबा, थांबा! जालना रोड त्यांना एकट्याला ओलांडता येत नाही.