आकडा पाहिला, माणूस नाही पाहिला

मंडळी, मोठा पापी कोण? चोरी करणारा, की न चोरणाऱ्याला चोर ठरवणारा? बोला की! चोराला निदान ठाऊक असतं आपण काय केलं ते. दुसरा तर कपाळाला बुक्का लावून पुढच्या रांगेत बसतो!

टाळकरी, थांबा जरा. आज पुराणातलं आख्यान नाही. तुमच्याच गावचं आहे. ऐका!

विश्राम तारी, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. दिनकर साटमांच्या मुलीचं लग्न त्यानंच टिपलं. लग्नाला महिना होतो न होतो, तोच दिनकरराव गेले! त्यांचं बोलणं-हसणं उरलं ते त्या व्हिडिओत. विश्रामनं सगळं पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या पत्नीच्या, मालतीबाईंच्या हाती दिलं. म्हणाला, "वहिनी, चौसष्ट जीबी आहे. दादांचं काही कापलेलं नाही."

बाईंना पाहवेना. त्यांनी तो भावाकडे दिला. भाऊ म्हणजे भालचंद्रपंत — हो, तेच, खांबाआड सरकू नका! त्यांनी आपल्या संगणकाला लावला. आकडा आला एकोणसाठ पूर्णांक सहा. झालं! भर चौकात विश्रामची कॉलर धरली.

"चार जीबी कुठं गेली रे? आमच्या दाजींचाच भाग दाबलास ना?"

"अहो, उघडून पाहा तरी!"

"पाहायचं काय? आकडा दिसतोय!"

अरे, काय दिसतोय? डोंबल! जीबी मोजताना विश्रामचा संगणक हजार-हजाराचा टप्पा धरतो, पंतांचा एक हजार चोवीसचा. आता मला सांगा बायांनो, मोठ्या मापानं तांदूळ मोजले तर मापं कमी भरतात. म्हणून तांदूळ कमी झाले का? नाही ना! पण दोन्हीकडे लिहिलेलं काय? जीबी! ज्यांनी हे केलं त्यांना उभं करून विचारलं पाहिजे — लेकांनो, मापं दोन, तर नावं दोन द्यायला काय झालं होतं?

पण त्यांचं राहू द्या. तुमची अक्कल कुठं चरायला गेली होती? एकानं तरी तो व्हिडिओ लावून पाहिला? नाही! चोर म्हणून मोकळे झालात. त्याला लग्नाला बोलवायचं बंद केलंत. आणि त्याची म्हातारी आई देवळात आली की बाया बाजूला सरकतात. सरकता की नाही? माझ्याकडे बघून सांगा!

आज दुपारी मी मालतीबाईंकडे जेवायला होतो. म्हटलं, "लावा तो व्हिडिओ. मी बसतो शेजारी."

लावला. कन्यादान अख्खं आहे, मंडळी! दिनकरराव उपरण्यानं डोळे पुसतायत. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणतात, "विश्राम, पुरे रे बाबा! सकाळपासून उपाशी आहेस. ए, ह्याला घरच्या पंक्तीत बसवा!"

बाई ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "बुवा, ह्यांनी घरच्या पंक्तीत बसवलेल्या माणसाला आम्ही चौकात उभं केलं हो!"

आता हार घेऊन कोण येतंय? नको! मला हार नको. भालचंद्रपंत, उठा. तो हार घ्या. तुमची बहीण मघाशीच गेली, विश्रामच्या दारात एकटी उभी असेल. चोर म्हणालात ते चौकात, तेव्हा जायचं तेही चौकातूनच. आणि बाकीचे? बसलात काय? तुम्हीही उठा! हात जोडा, माफी मागा, शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. त्याच्या आईला सन्मानानं आणा, इथं पुढच्या रांगेत बसवा.

ती बसली की आरती. तोवर मी इथंच उभा आहे.