चोवीस तासांचा आहार

...आणि वर मलाच विचारतात, 'सावे, चेहरा का पडलाय?' पडलाय? माझा? तुम्हाला सांगतो, मला काही वाटलेलं नाही. अजिबात नाही! अठ्ठावीस वर्षं काढलीत मी आरोग्य खात्यात, कृष्णकांत सावे, आरोग्य सहाय्यक. मनोरपासून मासवणपर्यंत असा पाडा दाखवा जिथल्या कुत्र्याला माझ्या मोटरसायकलचा आवाज ओळखू येत नाही! आणि मास्टर ट्रेनर कोणाला केलं? जमुनाला! आमच्याच केंद्रातली आशाताई जमुना, जिला पहिल्या दिवशी वजनकाटा कुठे टांगायचा ते मी दाखवलं... मी! पण असो. मला काही वाटलं नाही.

झालं काय, कोळगावला पोषणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. डॉक्टर, नर्सबाई, आशाताया, मी, सगळे एकाच हॉलमध्ये, आणि शिकवायला मुंबईच्या आहारतज्ज्ञ मेघाली मॅडम. वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, आणि पहिलं वाक्य काय? 'मित्रांनो, आपण आधी ऐकायला शिकूया!' ऐकायला? अहो बाई, मी अठ्ठावीस वर्षं न थांबता बोलतोय म्हणून हा तालुका उभा आहे! तर मॅडम म्हणाल्या, शेवटच्या दिवशी एका आईला बोलवू, तिच्या बाळाचा चोवीस तासांचा आहार काढायचा, म्हणजे कालपासून पोराच्या पोटात काय काय गेलं ते विचारून फॉर्मवर लिहायचं, आणि ज्याला नीट जमेल तो तालुक्याचा मास्टर ट्रेनर. म्हटलं, संपला विषय! घरी बायकोला, मंदाला सांगून टाकलं. मंदानं शेजारणीला सांगितलं. संध्याकाळी वाडीत नारळ उतरवणारा रामासुद्धा वरून ओरडतोय, 'काय ट्रेनरसाहेब!' आता इथून माघार घेता येते का, तुम्हीच सांगा!

तिसऱ्या दिवशी मासवणकडच्या पाड्यावरून नवसी आली, कडेवर तिचा जिवल्या, चौदा महिन्यांचा, वजन सात किलो. पहिला नंबर माझा. फॉर्म काढला, पेनचं टोपण दातात धरलं, विचारलं, 'बाळानं काल काय काय खाल्लं?' आणि काय सांगू तुम्हाला, ती बाई घडाघडा, 'सकाली नाचणीचं सत्त्व, मंग अंडं, दुपारी डालभात, पालेभाजी, चार वाजता पपई, राती खिचडी, वर तूप.' वर तूप! एका घासाला अडखळली नाही! मी असा हॉलभर नजर फिरवतोय, तर मेघाली मॅडम म्हणतात, 'सर, एवढं खातो, तर सात किलो कसा?' मी म्हटलं, 'अंगाला लागत नसेल मॅडम, काहींचं असतं तसं.' मागून कोणीतरी फिसकन हसलं. आमचा फार्मासिस्ट शैलेश. त्याचं हसणं मी अंधारातही ओळखीन. पण मला काही वाटलं नाही.

मग उठली जमुना. फॉर्म नाही, पेन नाही. सरळ खाली बसकण मारली, पोर मांडीवर घेतलं आणि म्हणते, 'नवसे, काल कामाला गेलतीस?'

'गेलती ना, गवत कापाया.'

'मंग पोर कोणाजवल?'

'सासूजवल.'

'आता गं! म्हातारीला तिचंच ताट दिसत नाय, ती याला काय भरवील?'

आणि दोघी हसताहेत! शासकीय प्रशिक्षणात! हसता हसता नवसी म्हणते, 'बिस्कुट दिलं तिनं, चहात बुडवून. दोनदा. सांजच्याला मी आली तवा भात, नुसता मीठ लावून.'

'आन् अंडं?'

'अंडं कुठलं गो? ते तर सायबाचं हाय.'

'सायबाचं?'

'हे साहेब येतात ना पाड्यावर, काय काय खिलवायचं त्याची यादी आमच्याकून पाठ करून घेतात. चुकलं का रागावतात. मंग आमी समद्या बायांनी पाठच केलंय!'

हॉल असा हसला, असा हसला, की जिवल्या घाबरून रडायला लागला. माझंच शिकवलेलं त्या बाईनं माझ्याच पुढ्यात वाढलं हो! आता यात माझी चूक काय? पाठ झालं म्हणजे शिकवणं पोचलं की नाही? पोराच्या पोटात नाही पोचलं, एवढंच... पण नाही! मॅडम म्हणाल्या, 'जमुनाताई, तालुक्याला तुम्हीच.' जमुना'ताई'! कालपर्यंत तिला मी 'ए जमुना' म्हणायचो, आज जमुनाताई, म्हणजे उद्या जमुना मॅडम! मला काही...

आणि उद्या म्हणजे खरंच उद्या! दुसऱ्या दिवशी बोईसरला तिची पहिली बॅच, आणि यादीत वरचं नाव कोणाचं? 'कृष्णकांत सावे, उजळणीसाठी.' स्टेशनवरून रिक्षा केली, रिक्षावाला विचारतो, 'कहाँ साहब?' म्हटलं, 'ट्रेनिंग है.' तर म्हणतो, 'देने जा रहे हो?' म्हटलं, 'तू गाडी चला!'

मागच्या रांगेत जाऊन बसलो तर मेघाली मॅडमना मीच दिसलो! 'सावे सर, पुढे या. जमुनाताई तुमचाच आहार काढून दाखवतील.' बसलो समोर. मनात यादी तयार, नाचणी, अंडं, पालेभाजी. घे लिहून! तर ती काही विचारेचना. माईक दोघांच्या मध्ये ठेवला, खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणते, 'साहेब, मी तं काल राती जेवलीच नाय. आज उभं राहायचं म्हणून काय बोलायचं तेच घोकत बसली व्हती.'

आणि माझ्या तोंडून गेलं, 'माझ्याही घशाखाली घास उतरला नाही.'

'का? घरात काय नव्हतं?'

'होतं की. मंदानं भरलेलं पापलेट केलं होतं, मुद्दाम.'

'मंग का नाय जेवलात, साहेब?'

'तुझं नाव लागलं ना, म्हणून!'

गेलं! ऐंशी माणसांसमोर, माईकवर! मला वाटलं, आता जमीन दुभंगेल. तर मेघाली मॅडम उठून उभ्या. 'बघितलंत? याला म्हणतात खरी माहिती काढणं!' आणि टाळ्या! हॉल दणाणला! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो मी, आणि टाळ्या कोणाला? जमुनाला!

मीपण वाजवल्या. हात रिकामेच होते.