शेंदुरावरचा थर

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे मालक सर्जेराव साहेब, प्रमुख पाहुण्या आणि पूरबचाव पथकाच्या प्रमुख दीपमालाताई, सत्कारमूर्ती रंगनाथराव, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी विमलावहिनी, आणि बटाटेवड्यांच्या वासानं मागच्या दाराकडे तोंड करून बसलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

पुण्यात समुद्र नाही. एवढी एकच उणीव या शहरानं आजवर कबूल केली आहे. तरीही येरवड्यातल्या आपल्या शेडमध्ये बोटींच्या तळांवर आणि डेकवर संरक्षक थर फवारले जातात, आणि सव्वीस वर्षं ते रंगनाथरावांनी फवारले. हा थर बंदुकीतून निघतो आणि काही सेकंदांत घट्ट होतो. खडकावर घासा, हातोडी मारा, दाद देत नाही. आपल्या माहितीपत्रकात तो 'अभेद्य' आहे. रंगनाथराव म्हणायचे, "असेल हो अभेद्य, पण खाली तेलाचं बोट लागलेलं असलं की सालीसारखा सुटतो." हे वाक्य माहितीपत्रकात नाही. जागेअभावी राहिलं असावं.

म्हणून फवारण्याआधी ते स्वतः सगळी बोट पांढऱ्या फडक्यानं पुसत. फडकं पांढरं राहिलं तरच सही. पंचेचाळिसाव्या वर्षी मी इथं तपासनीस म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या डोक्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तेल लावता का? मग चार हात लांब उभे राहा." असं माझं स्वागत झालं.

गेल्या खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे शेडमध्ये अवजारांची पूजा होती. ताई, आपल्या पथकाची नवी बोट फवारायला तयार होती, रंगनाथरावांची सही झाली होती, आणि ते प्रसाद आणायला गेले होते. बंदुकीला हळदकुंकू, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ. मग बोटीनंच काय पाप केलं? एका भाविकानं तेलात कालवलेल्या शेंदुरानं तिच्या पुढच्या टोकावर स्वस्तिक काढलं. काढून झाल्यावर त्याला ते पांढरं फडकं आठवलं. त्यानं घाईघाईनं रुमालानं ते पुसलं आणि गप्प बसला. दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असं मानण्याइतका तो सुशिक्षित होता.

महिन्याभरानं धरणात चाचणी झाली. पुढच्या टोकाचा थर आधी वीतभर उचकटला, मग खाली पाणी शिरून चांगला हातभर सोलला गेला. "पूर असता आणि बोटीत माणसं असती तर?" असं आपण तिथंच विचारलंत, ताई.

रंगनाथरावांनी सुटलेला तुकडा उलटा केला. आतून तो लालसर होता. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा खिशात घातला. चौकशीत म्हणाले, "बोट मी तपासली होती. सही माझी आहे." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. माझी दोनच वर्षं राहिलीत. जाऊ द्या."

मी जाऊ दिलं. तो भाविक मीच.

माझी नोकरी कायम झाली. रंगनाथरावांना मात्र दोन वर्षं आधी, 'प्रकृतीच्या कारणास्तव', हा समारंभ मिळतो आहे. त्यांची प्रकृती पाहायची असेल तर रोज सकाळी पर्वतीवर यावं. ते वर पोचलेले असतात, आपण अजून पायऱ्या मोजत असतो. शेडमध्ये बोलतात की म्हाताऱ्याची नजर गेली. विमलावहिनींना मंडईत भाजी घेताना हे ओळखीच्या बाईनं ऐकवलं, आणि त्या पिशवी तशीच टाकून घरी आल्या. हे कळल्यापासून मला स्वतःची लाज वाटते आहे. गौरवपर चार शब्द बोला असं मला सांगण्यात आलं होतं, ते मी बोललो.

साहेबांनी मला बोलायला उभं केलं, सगळ्यांनी वडे थंड होऊ दिले, मी आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. बोटीवर जे झालं, ते मात्र कृपा करून सांभाळून घेऊ नये. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी लेखी जबाब घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभा असेन. त्यानंतर हा निरोप समारंभ कोणाचा होता, ते साहेबांनी ठरवावं. धन्यवाद.