दहा अस्तरं बघून एकही न घेता

माझं माहेर कन्नड तालुक्यातलं, आम्ही तिघी बहिणी, मी मधली, आन् मधली म्हणजे लई गुणाची असं सगळं गाव म्हणायचं, कारण मी बोलतच नव्हते. पाव्हणे आले की मी कणगीमागं. शाळेत हजर म्हणायचं राहूनच जायचं, म्हणून कितीदा तरी वर्गात बसूनबी गैरहजर लागले मी. मास्तर म्हणायचे, गरीब गाय हाय पोरगी. काय सांगू तुम्हाला, आजार व्हता तो, आन् लोक त्याला संस्कार म्हणत व्हते.

बघायला आले तव्हा नाव विचारलं तर ओठच उघडंनात, मला वाटलं मोडलं आता. तर सासूबाई म्हणल्या, हीच पाहिजे, मान वर करत नाय. म्हणजे बघा, ज्यानं मी आतून मरायले व्हते त्याच्यावरच पसंत पडले. तुम्ही माझं लिहून घेताय, तर हे ठळक लिहा.

मग लग्न होऊन पडेगावात आले. मालक वाळूजला कंपनीत, मी घरी ब्लाऊज शिवते. हात चांगला हाय माझा, पण गिऱ्हाईक दारात आलं की मी आत, माप सासूबाई घ्यायच्या, चुकीचं घ्यायच्या, मी उसवून पुन्हा शिवायचे. अस्तराला शहागंजात रशीदभाईंच्या दुकानी जायचं, ते मला बाजी म्हणजे ताई म्हणायचे, मी मोरपंखी तुकडा दाखवला आन् त्यांनी हिरवं कापलं तरी हे नको असं तोंडातून निघायचं नाय, गुमान घेऊन यायचे. नको असलेल्या अस्तरांनी ट्रंक भरलीय घरी, दाखवीन तुम्हाला.

तरीबी मी दवाखान्यात गेले नसते. गेले ते प्राजूपायी. माझी लेक, नववीला. तोंडी परीक्षेत सगळं येत असून एक शब्द बोलली नाय. आन् सासूबाई शाळेतून आल्या त्या पेढे वाटावे तसं सांगत, बाई म्हणल्या लई शांत पोरगी, आईवर गेली. प्राजू दारामागं ओढणीचं टोक चावत उभी. मला वाटलं, तिथं मीच उभी हाय.

छातीत धडधडतंय म्हणून सरकारी दवाखान्यात गेले, त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत म्हणले, आन् मनाच्या विभागात धाडलं. सासूबाई म्हणल्या, येड्याच्या दवाखान्यात जाती का, लोक काय म्हणतील? मी काय बोलणार, बोलता येत असतं तर गेले असते कशाला! मालकांनी गाडी काढली, म्हणले, बस.

तिथल्या मॅडमपुढं पहिल्या दोन खेपा मी नुसती बसले, तिसऱ्यांदा कागदावर लिहून दिलं. त्या म्हणल्या, हा तुमचा स्वभाव नाय, आजार हाय, लोकांपुढं जायची भीती, हळूहळू कमी व्हती. मला रडूच आलं. एवढी वर्षं हे कुणीच का सांगितलं नसंल हो? मग त्या कामं द्यायच्या, पायरीपायरीनं. रिक्षावाल्याला मोठ्यानं क्रांती चौक म्हणायचं. गिऱ्हाइकाचं माप आपण घ्यायचं. आन् मग म्हणल्या, दुकानात दहा अस्तरं काढायला लावायची, एकबी न घेता यायचं. म्हणलं मॅडम, त्यापेक्षा जीव घ्या.

दोनदा गेले, दोनदा अस्तर घेऊनच आले. मॅडम रागावल्या नाय, पुन्हा जा म्हणल्या. तिसऱ्यांदा प्राजूला सोबत नेलं, म्हणलं बघू दे हिला. रशीदभाई एकेक तागा उलगडायलेत, मी मनात मोजायले, आन् दहावा झाल्यावर मी म्हणलं, भाई, यातलं एकबी नको. आवाज फाटला माझा. मला वाटलं आता दुकान अंगावर कोसळतंय. तर ते चष्म्यावरून बघत म्हणले, अरे बाजी, पंधरा साल से आते तुम, मैं समझा तुमको बोलनाच नइं आता. नको तो नको, उसमें क्या! आन् तागे गुंडाळायला लागले. एवढंच. पंधरा वर्षं ज्याला भ्याले, ते एवढंच व्हतं.

धडधड अजून हाय, गेली असं खोटं कशाला बोलू? पण शाळेत मी स्वतः गेले, बाईंना म्हणलं, गप बसती म्हणून माझ्या लेकीला शाबासकी देऊ नका. आता प्राजूबी मॅडमकडं येती. सासूबाई म्हणत्यात, सून बिघडली. व्हय, बिघडले.

परवा जेवताना प्राजू सगळ्यांपुढं म्हणली, आई, भाजी खारट झालीय. सासूबाईंचा घास हातातच राहिला. आन् मी काय म्हणलं माहितीय? म्हणलं, बोल माझे बाई, असंच बोल, तुझ्या तोंडाला कुणाची नजर न लागो.